ठकीचं माप

३ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे युनिफॉर्मचे शर्ट आणि पत्र एकाच पार्सलात मिळाले. पत्रात दोन पानं खर्चून तू जे सांगितलंस, ते शर्टांनी पुडकं उघडताक्षणीच सांगून टाकलं होतं. पोटावरची बटणं इतकी ताणली आहेत की काजं फाटायला आली आहेत. पण घाबरू नकोस, तुला लहानपणापासून ओळखते म्हणून शिवतानाच मी दोन्ही बाजूंच्या शिवणीत भरपूर माया ठेवली होती. ती उसवून सोडली आहे. आता शर्ट बसतील. पुढच्या वर्षी मात्र सोडायला काही उरलेलं नाही, तेव्हा काय ते तुझं तू बघ.

पाळी तीन महिने गायब होते आणि मग न सांगता येऊन उभी राहते, बस चालवताना मधूनच कानशिलं पेटतात, अंगाला घाम फुटतो आणि चढताना तुझ्याकडून तिकीट घेऊन सुटे न देणाऱ्या माणसाला खाली उतरवावंसं वाटतं, असं तू लिहिलं आहेस. शेवटचं तर तुला विशीपासून वाटतं, त्याचा दोष वयाला देऊ नकोस. बाकीचं सगळं माझंही झालं. माझी पाळी थांबून आता तीन वर्षं झाली. सुरुवातीला कंबर अशी काही सुटायला लागली की आरशाकडे पाठ करून बसायचे. मग मी तोंडाला कुलूप घातलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. सकाळी बिनदुधाचा चहा. दुपारी वाटीभर पातळ सूप आणि पावाचा एक तुकडा. संध्याकाळी एक सफरचंद. दूध बंद, लोणी बंद, दाणे बंद. डाळ तर तुझे भावजी गेल्यापासून या घरात शिजलीच नाही. पहिले काही दिवस पोट ओरडतं, मग तेही शहाणं होतं. परिणाम समोर आहे. ठकीची कंबर आणि माझी कंबर आजही एकच आहे. भावजींनी माझ्या पंचेचाळिशीत माझं माप घेऊन कपडे बेतायचा हा पुतळा केला, दुकानात माझ्या शेजारी उभा केला, आणि तू येऊन त्याचं नाव ठकी ठेवलंस. मुली असोत की त्यांच्या आया, सगळ्या गिऱ्हाइकांना मी सांगते, बघा, ही आणि मी एकाच मापाच्या.

एक कटकट मात्र सुरू झाली आहे. कापडवाला बदलावा म्हणते. हल्ली स्वतःसाठी काहीही शिवलं की खालच्या काठाची दुमड पुढून लोंबते आणि मागून वर चढते. ठकीच्या अंगावर घातलं की सरळ, माझ्या अंगावर तिरकं. कापडाचा ताणा-बाणाच नीट नसणार. पाठही दुखते, पण ते स्टूल जुनं झालं आहे म्हणून.

फोन करू नकोस. फोनवर आपण दोन वाक्यांत भांडतो. कागदावर निदान शाई वाळेपर्यंत तरी दम धरावा लागतो.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पोटासारखा वाढू दे.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शर्ट छान बसले. डेपोत सगळ्यांनी विचारलं की बारीक झालीस का, आणि मी मान डोलावली. खोटं बोलले नाही. तुझ्या सांगण्याबरहुकूम मी खरंच तोंडाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली तुझ्या नावावर लिहून ठेवली होती.

आता पुढचं वाचताना आधी बस. सोमवारी शेवटच्या थांब्यावर गाडी उभी होती. लोक चढत होते. मला गरम व्हायला लागलं, म्हटलं नेहमीचंच आहे, खिडकी सरकवायला हात वर केला, आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. हँडब्रेक ओढलेला होता म्हणून कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. शुद्धीवर आले तेव्हा एक आजीबाई मला वर्तमानपत्राने वारा घालत होत्या आणि बाकीचे पुढची बस कधी येणार ते विचारत होते. ताई, हीच चक्कर पुलावर आली असती तर.

साहेबांनी गाडी काढून घेतली. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरचा दाखला येईपर्यंत डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसून लोकांच्या छत्र्या सांभाळायच्या. वीस वर्षं चालवतेय मी. छत्र्या माझ्याकडे बघून हसतात असं वाटतं.

डॉक्टरीणबाई आपल्याच वयाच्या आहेत, समोर टेबलावर हातपंखा ठेवलेला, त्यावरूनच कळलं की बाई आपल्यातली आहे. त्यांनी आधी विचारलं की खाल्लं काय होतं. मी अभिमानाने तुझा चहा, तुझं सूप, तुझं सफरचंद सांगितलं. त्यांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाल्या की या वयात बाईने खाणं तोडायचं नसतं, बदलायचं असतं. पाळी थांबायला लागली की शरीर हाडांचा सांभाळ पूर्वीसारखा करत नाही, स्नायूही उतरतात. तेव्हाच दूध-दही, डाळी, अंडी, पालेभाज्या लागतात, आणि आपण नेमक्या तेव्हाच त्या बंद करतो. साखर, मीठ आणि तळलेलं कमी करा म्हणाल्या, जेवण नव्हे. सकाळी उपाशीपोटी गाडीवर बसायचं नाही. तिखट आणि कॉफीने अंग पेटत असेल तर ती कमी करून बघा. आणि रोज चाला, कारण ड्रायव्हरची बस दिवसभर चालते, ड्रायव्हर नाही.

मग त्यांनी विचारलं की हे जेवण सांगितलं कुणी. म्हटलं माझ्या बहिणीने, ती छडीसारखी आहे. त्यांनी विचारलं, तुमच्या बहिणीची पाठ दुखते का. मी म्हटलं, तिचं स्टूल जुनं आहे. त्या हसल्या नाहीत. तिची उंची कमी झाल्यासारखी वाटते का, असंही विचारलं. तेव्हा मात्र मला हसू आलं. आमची ताई आणि कमी उंची. मी जन्मापासून बुटकी आहे ती कोणामुळे?

पण घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि ते दुमडीचं वाक्य काही केल्या गिळवेना. गाडी हातात नाहीच, तर रजा काढून पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. सूप करू नकोस.

राग नको, लोभ हवा.

तुझी,
बुटकी


२६ मार्च

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

तू पडलीस हे वाचलं. दोन दिवस मशीनवर टीप सरळ येईना. तुझं काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं, हे एकदा लिहून ठेवते. पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुझी डॉक्टरीणबाई शहाणी असेल. तुला हवं ते खा, तुझं काम अंगमेहनतीचं, तुझी गोष्ट वेगळी. माझ्या पाठीची चौकशी तिने इतक्या लांबून करायचं कारण नाही. मला न बघता माझी उंची मोजणारी ही कोण? मी स्वतः आयुष्यभर मापं घेत आले. माझं माप मला माहीत आहे, ते रोज माझ्या शेजारी उभं असतं.

जरूर ये. पुढच्या खोलीतलं अंथरूण उन्हात टाकलं आहे. तुझ्यासाठी दूध आणि अंडी आणून ठेवते, आणि तू खाताना मी बघत बसते. दुकानात मात्र येऊन मध्येमध्ये करू नकोस, हातात मोठं काम आहे.

लोभ कमी नाही. राग जरा आहे, तो तू येईपर्यंत उतरेल.

ताई


१४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

घरी सुखरूप पोचले. गाडीत सगळा वेळ मी हे पत्र मनात लिहीत होते, कारण तुझ्या दारात जे बोलायला हवं होतं ते मला जमलं नाही.

तू दार उघडलंस आणि नेहमीसारखं मला जवळ घेतलंस. चाळीस वर्षं तुझी हनुवटी माझ्या डोक्यावर टेकते. लहानपणी मला त्याचा राग यायचा, मोठेपणी त्याच्यासाठीच यावंसं वाटायचं. या वेळी तुझी हनुवटी कुठे टेकलीच नाही. तुझं कपाळ माझ्या कपाळाला लागलं. मला वाटलं तू चप्पल काढली असशील, मी नसेन. खाली बघितलं. आपण दोघीही अनवाणी होतो.

मग तू चहा टाकायला गेलीस आणि मी, तू नको म्हणूनही, दुकानात गेले. ठकीच्या अंगावर तुझा नवा निळा कोट होता, अगदी सरळ बसलेला. तू मागून आलीस आणि तिच्या शेजारी उभी राहिलीस. ताई, भावजींनी तुम्हा दोघींचे खांदे एका रेषेत आणून ठकी ज्यावर उभी आहे त्या खांबाचा स्क्रू आवळला होता, आणि त्या जागी पेन्सिलीने खूण केली होती. मी तिथेच होते, हसत होते. आता ठकीचा खांदा तुझ्या खांद्याच्या तीन बोटं वर आहे.

तुला ते दाखवलं तर तू म्हणालीस की खांब सैल झाला असेल. म्हणालीस आणि स्वतःच स्क्रू चाचपून बघितलास. खांब सैल झाला तर ठकी खाली येईल, वर कशी जाईल? हे तुला माझ्या आधी कळलं होतं. मग तू इस्त्री घेऊन बसलीस आणि कोरडे, इस्त्री केलेले कपडे पुन्हा इस्त्री करत राहिलीस. मीही तुला करू दिली.

कापडवाल्याचा काही दोष नाही. पाठ वाकली की मागची बाजू वर ओढली जाते आणि पुढची लोंबते. म्हाताऱ्या बायकांचे कोट कापताना तू स्वतःच पाठीला जास्त कापड सोडतेस, मला शिकवलंही होतंस. तुला हे कुणाच्याही अंगावर एका नजरेत दिसलं असतं. स्वतःच्या अंगावर दिसलं नाही, कारण तू स्वतःकडे बघतच नव्हतीस, ठकीकडे बघत होतीस. तुला तिच्या मापाचं राहायचं होतं. म्हणून तू कमी खाल्लंस, आणखी कमी खाल्लंस. कंबर राहिली, पण हाडं आतून गेली.

हात जोडते. हाडांची तपासणी करून घे. नाही केलीस तर मी दाखला मिळाल्यावरही गाडीवर चढणार नाही, त्या छत्र्यांमध्येच म्हातारी होईन. ही धमकी आहे असं समज.

आपली आई अशीच वाकत गेली. आपण म्हणायचो, काम फार केलं हो तिने. तिला कोणी विचारलंच नाही की बाई, तू जेवतेस काय.

भीती वाटते आहे. लोभ असू दे.

तुझी,
बुटकी


९ जून

चि. बुटकीस आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही. तुझी तीन पत्रं मशीनच्या खणात आहेत, सगळी वाचली. आधी रागावले होते. मग घाबरले. मग तपासणीला गेले.

पाठीचा एक मणका दबला आहे. कधी दबला ते मलाही ठाऊक नाही. मागच्या हिवाळ्यात कापडाचा तागा उचलताना कळ आली होती, तेव्हाच असेल. हाडं विरळ झाली आहेत. डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. गोळ्या दिल्या, सकाळचं ऊन घ्यायला सांगितलं, ताग्यांना हात लावायचा नाही म्हणाले. दबलेला मणका पुन्हा वर येत नाही. गेलेली उंची परत मिळत नाही. आहे ती राखायची. मी विचारलं, राखता येईल ना, तर म्हणाले की औषध मी देतो, पण हाड घडतं जेवणातूनही, ते तुम्हाला घ्यावं लागेल.

त्यांनी मला बंद केलेल्या पदार्थांबद्दल विचारलं नाही. विचारलं की घरात कोण कोण असतं. मी म्हटलं, मी आणि ठकी. मग ठकी कोण ते सांगावं लागलं. ते हसले नाहीत, आणि माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. परक्या माणसासमोर, बुटके.

खरं सांगते. कंबर हे अर्धंच कारण. हे गेल्यावर एका माणसासाठी पातेलं चढवायचा कंटाळा यायचा. डाळ केली तर उरायची. उरलेली डाळ दुसऱ्या दिवशी एकटीने खाणं यासारखं उदास काही नाही. मग सूप सोपं वाटायला लागलं, आणि सफरचंदाला तर भांडंही लागत नाही. लोक म्हणायचे, वा, अजून तशीच आहेस. मला ते ऐकायला आवडायचं. न जेवण्याला मी नेम म्हणायला लागले आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं.

आणि पाळी थांबली तेव्हा वाटलं होतं की आता माझ्यातलं एकेक काढून नेणार. केस गेले, झोप गेली. ठकीची कंबर ही यांनी स्वतःच्या हाताने टेप धरून घेतलेली. तेवढी तरी मी जाऊ देणार नव्हते. हे आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे.

काल चवळी भिजत घातली. एका माणसाची किती घ्यायची तेच आठवेना. मूठभर घेतली, फुगून पातेलंभर झाली. कळशीभर घाम गाळून शिजवली आणि ताट घेऊन टेबलाशी बसले. उभ्याने नाही. चव ठीक होती. मीठ कमी घातलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. थोडी उरली, ती आज दह्याबरोबर खाल्ली. उदास वाटलं, पण पोट भरलं होतं.

तू गाडीवर चढ. धमकी मागे घे.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

धमकी मागे घेतली. दाखला आधीच मिळाला होता, तो मी पर्समध्ये लपवून ठेवला होता. आता सांगायला हरकत नाही. साहेबांना वाटत होतं की मला छत्र्यांचा लळा लागला.

काल पहिल्या फेरीला गाडी काढली. निघण्याआधी दोन अंडी, दूध आणि केळं. डब्यात डाळ-भाजी आणि मूठभर बदाम. अंग पेटायचं तेव्हा पेटतंच, मग मी थांबा आला की खिडकी उघडते, पाणी पिते, मनातल्या मनात सुटे न देणाऱ्यांना दोन शब्द बोलते आणि पुढे जाते. कंबर होती तिथेच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की थोडी राहिली तरी चालेल, चक्कर नको. शर्टाची सोडलेली माया तशीच राहू दे.

आता तुझ्याबद्दल. एका माणसाचं जेवण करू नकोस. दोघींचं कर. दुपारी बरोबर एक वाजता माझी सुट्टी असते, मी डेपोच्या बाकावर डबा उघडते. तूही तेव्हाच ताट घे. तू तिकडे, मी इकडे. काय खाल्लं ते पत्रात लिहायचं. खोटं लिहिलंस तर ठकीला विचारीन.

तू जे पहिल्यांदा सांगितलंस ते मी जपून ठेवलं आहे. तुझं काही गेलेलं नाही, असं म्हणणार नाही, कारण गेलं आहे. पण भावजींनी टेप धरला होता तो तुझ्याभोवती, ठकीभोवती नव्हे.

जेवत जा. लोभ त्यातच आला.

तुझी,
बुटकी


११ मे, पुढचं वर्ष

चि. धाकटीस,
भरल्या पोटाने अनेक आशीर्वाद.

कालच्या दुपारी: मसुराची डाळ, पालक, दोन पोळ्या, दही. रोज एक वाजता मशीन थांबवते. गिऱ्हाइकांना आता सवय झाली आहे. एक बाई गेल्या आठवड्यात मुलीच्या ड्रेसचं माप द्यायला आल्या, पन्नाशीच्या, कोमेजलेल्या. मला जेवताना बघून म्हणाल्या की मी तर संध्याकाळनंतर काही घेतच नाही. मी मुलीचं माप राहू दिलं आणि त्यांना ताटावर बसवलं. आधी नको नको म्हणाल्या, मग डाळ दोनदा घेतली. हल्ली डाळ उरत नाही.

सकाळी मोठा वळसा घालून चालून येते, ऊन खाते. तागे उचलायला कापडवाल्याचा माणूस येतो. कापडवाल्याची मी माफी मागितली, त्याला कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्याने स्वीकारली.

आज वर्षाची तपासणी होती. हाडं आणखी विरळ झालेली नाहीत. किंचित सुधारली आहेत, म्हणाले. भिंतीला उभं करून उंची घेतली. गेल्या वर्षी होती तेवढीच. माझ्यासारख्या बाईला माप न बदलल्याचा इतका आनंद व्हावा याचं मलाच हसू आलं.

घरी येऊन एक काम केलं, वर्षभर टाळलेलं. ठकीच्या कंबरेला कापूस बांधला, वर कापड शिवलं. पाठीला थोडा गोल भराव दिला. मग तिच्या खांबाचा स्क्रू सैल केला. यांनी आवळलेला होता, हलेना, हात दुखले. मग एकदम सुटला आणि ती खाली आली. आमचे खांदे एका रेषेत आल्यावर पुन्हा आवळला. यांची पेन्सिलीची खूण पुसली नाही, ती वर तशीच आहे. खाली माझी नवी खूण केली. दोन्हींच्या मध्ये तीन बोटं. तेवढी गेली ती गेली. याच्या खाली मात्र मी आता खूण करणार नाही.

निळा कोट उसवून तिच्या नव्या अंगावर बेतला आणि घालून आरशासमोर उभी राहिले. दुमड चारी बाजूंनी सारखी बसली. आरशाकडे पाठ केली नाही.

सुट्टीत ये. दार मीच उघडीन. या वेळी मी मान खाली घालते, हनुवटी तू माझ्या डोक्यावर टेकव, मला बघायचं आहे कसं वाटतं ते. तुला इतकी वर्षं आवडत होतं म्हणतेस. आणि बुटकी हे नाव आता माझं.

लोभ भरपूर, जेवणही.

तुझी,
बुटकी